भूल देण्याआधी तोंड कोण बघतं? सोलापुरातल्या दोन हॉस्पिटलचा आमचा अनुभव

हे लिहायला मला उशीरच झाला, आईचं ऑपरेशन होऊन वर्ष उलटून गेलं, पण मध्ये बाबांचंही ऑपरेशन झालं आणि एकाच घरातली दोन माणसं दोन वेगळ्या हॉस्पिटलमध्ये टेबलावर गेल्यामुळे फरक डोळ्यासमोर आला, म्हणून आता लिहिते. दोन्ही सोलापुरातलीच, दोन्ही प्रायव्हेट. नावं देत नाही, पहिल्या ठिकाणी मी लेखी तक्रार दिलेली आहे आणि ती त्यांनी घेतली आहे, इथे मला फक्त भुलीच्या सर्व्हिसबद्दल बोलायचंय. हॉस्पिटल बघताना आपण सर्जन कोण, पॅकेज किती, रूम एसी का नॉन एसी हे सगळं विचारतो, भूल देणारे डॉक्टर कोण आणि ते पेशंटला आधी बघणार का हे कोणीच विचारत नाही, मीही विचारलं नव्हतं. पहिल्या हॉस्पिटलला मी पाचपैकी दोन देते, दुसऱ्याला साडेचार.

आधी आईबद्दल थोडं सांगते, त्याशिवाय पुढचं समजणार नाही. आई घरातनं कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून विकते, अठरा वर्षं झाली. ज्वारीची, बाजरीची, दोन्ही. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या जत्रेच्या टायमाला आणि लग्नसराईत आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. भाकरी नीट वाळली का हे ती कसं बघते तर एक तुकडा पुढच्या दाताने कट्‌कन मोडून. आवाज बरोबर आला तर पॅकिंग, नाहीतर परत उन्हात. आणि ऑर्डरी सगळ्या फोनवर, पुण्यामुंबईची लोकं तिचा आवाज ओळखतात, नाव पण सांगावं लागत नाही. म्हणजे दात आणि आवाज ह्या दोनच गोष्टींवर तिचा धंदा, आणि नेमक्या ह्याच दोन गोष्टींना त्या ऑपरेशनमध्ये दुखापत झाली.

ऑपरेशन पित्ताच्या पिशवीचं. खडे होते, दोनदा रात्री पोटात दुखून तिला न्यावं लागलं होतं, सोनोग्राफी झाली, सर्जननी दुर्बिणीतून काढू म्हणून सांगितलं. सर्जन चांगले आहेत, हे मी पहिल्यांदाच लिहून ठेवते, पोटावरची चार भोकं आता शोधावी लागतात इतकी छान भरलीत. गड्डा उरकला की करू असं ठरलं, फेब्रुवारीत ॲडमिट केलं.

आता मुद्द्याचं. ॲडमिट व्हायच्या आधी 'फिटनेस' आणायला सांगितला, तो आम्ही आणला, एमडी डॉक्टरांनी ईसीजी बघितला, शुगर बीपी बघितलं, छातीला स्टेथोस्कोप लावला, कागदावर फिट लिहून दिलं. मला वाटलं झालं, भुलीची तपासणी म्हणजे हीच. ही चूक आपल्याकडे जवळपास प्रत्येक घरात होते. फिजिशियनचा फिटनेस म्हणजे हृदय, फुफ्फुस, साखर ठीक आहे का. भूल देणाऱ्या डॉक्टरांची तपासणी वेगळी असते, तिला पीएसी, म्हणजे प्री-अनेस्थेटिक चेकअप म्हणतात, त्यात तोंड किती उघडतं, दात हलतात का, मान मागे किती जाते, हनुवटी ते गळा अंतर किती, घोरता का, आधी कधी भूल घेतली होती का हे बघायचं असतं. ते आईचं झालंच नाही. रात्री दहा वाजता एक सिस्टर आल्या, चार कागदांवर माझ्या आणि बाबांच्या सह्या घेतल्या, सकाळी परत येऊन मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या काढून द्या म्हणाल्या, आणि कवळी आहे का विचारलं. आई म्हणाली नाही. खरंच नाही तिला कवळी. पण वरचा डावीकडचा पटाशीचा दात सहा महिने हलत होता, ते कोणी विचारलं नाही आणि आईला सांगायचं सुचलं नाही, पोटाच्या ऑपरेशनला दाताचं कोण सांगतं. आई लग्नाच्या आधीपासून मिश्री लावायची, मी कॉलेजला असताना सोडायला लावली, पण तोवर हिरड्या खाली गेल्या होत्या. तिच्या वयाच्या कितीतरी बायकांचे हे हाल आहेत आमच्या भागात, दात किडलेले नसतात, दिसायला पांढरे, पण मुळाला आधारच राहिलेला नसतो.

भुलीचे सर तिला पहिल्यांदा दिसले ते ऑपरेशन थिएटरच्या दारात, स्ट्रेचरवर. नाव विचारलं, सकाळपासून काही खाल्लंय का विचारलं, आत घेतलं.

दीड तासाने सर्जन बाहेर आले, सगळं व्यवस्थित झालं म्हणाले, प्लास्टिकच्या डबीत खडे घालून दाखवले, हिरवट काळे, सात का आठ. बाबांनी डबी खिशात ठेवली, पाहुण्यांना दाखवायला. आई दुपारभर गुंगीत होती, घसा दुखतोय एवढंच खुणेने सांगत होती, सिस्टर म्हणाल्या नळी घातली होती ना, दुखणारच, दोन दिवसात जाईल.

रात्री साडेआठच्या सुमाराला मी तिला चमच्याने पाणी पाजत होते तर तिने मध्येच हात धरला, जीभ तोंडात फिरवली, आणि फाटक्या आवाजात म्हणाली, "पोरी, दात कुठाय गं माझा?" मी मोबाईलचा टॉर्च लावला. वरचा डावा पटाशीचा दात नाही. तिथे काळं रक्त साकळलेलं, खालचा ओठ आतून सोललेला. मी सिस्टरना बोलावलं, त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "आधीपासूनच नसेल ओ." मी त्यांना आदल्या आठवड्यातला फोटो दाखवला, भाचीच्या वाढदिवसाचा, आई हसतीय, दात आहे. मग त्या गप्प झाल्या आणि आरएमओना, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरांना फोन लावते म्हणाल्या. आरएमओ दुसऱ्या मजल्यावर होते, यायला पाऊण तास लागला.

तो पाऊण तास मी विसरू शकत नाही. दात पडला ह्याचं एवढं नाही, दात गेला कुठे ह्याची भीती. आई मधून मधून खोकत होती, आणि मी फोनवर वाचत होते की निसटलेला दात श्वासनलिकेत जाऊ शकतो, तिथे अडकला की फुफ्फुसाचा तो भाग बंद पडतो, न्यूमोनिया होतो, आणि मग दुर्बीण घालून काढावा लागतो, ब्रॉन्कोस्कोपी. पोटात गेला तर बहुतेक वेळा आपोआप खालून निघून जातो, त्याची तितकी काळजी नसते. म्हणून नियम असा आहे की दात पडला तर तो शोधायचाच, सापडला नाही तर छातीचा एक्स-रे काढल्याशिवाय पेशंटला सोडायचं नाही. मी आरएमओना म्हणलं मला आत्ता एक्स-रे पाहिजे. ते म्हणाले सकाळी. मी म्हणलं आत्ता. रात्री साडेदहाला व्हीलचेअरवर तिला खाली नेलं, वॉर्डातल्या मामांनी फार सांभाळून नेलं, त्यांचे उपकार आहेत. एक्स-रे स्वच्छ होता.

आणि सकाळी दात सापडला. थिएटरच्या ब्रदरनी एक छोटी डबी आणून दिली, अगदी तसलीच जसली खड्यांची, वर पांढऱ्या चिकटपट्टीवर आईचं नाव. आत दात, मुळासकट. म्हणजे तो निसटला त्याच क्षणी भुलीच्या सरांनी चिमट्याने उचलून डबीत ठेवायला सांगितला होता, केसपेपरवर तशी नोंदही होती, मी नंतर वाचली, वेळेसकट लिहिलेली. थिएटरमध्ये सगळं बरोबर झालं होतं. फक्त थिएटरपासून वॉर्डापर्यंत ती गोष्ट कोणी सांगितलीच नाही. खडे दाखवायला सर्जन स्वतः बाहेर आले आणि दाताची डबी रात्रभर ट्रॉलीवर पडून राहिली, अन् आम्ही रात्रभर आईचा श्वास मोजत बसलो. दोन स्टार जे कापले ते इथे. तिसरा न तपासल्याबद्दल.

भुलीचे सर तिसऱ्या दिवशी भेटले. मी भांडायच्या तयारीने गेले होते, पण त्यांनी आधीच हात जोडले आणि म्हणाले ताई, मी त्याच दिवशी येऊन सांगायला पाहिजे होतं, मला दुसऱ्या हॉस्पिटलला केस होती, मी गेलो, हे चुकलं. मग खुर्ची ओढून बसले आणि वीस मिनिटं समजावलं. ते मी इथे माझ्या शब्दात लिहिते कारण हे प्रत्येकाला माहीत पाहिजे.

दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात गॅस भरतात, त्याचा दाब छातीवर वर येतो, पोटातलं पाणी घशात येऊन फुफ्फुसात जायची भीती असते, म्हणून श्वासनलिकेत नळी घालून तिचा फुगा फुगवून रस्ता बंद करतात. नळी घालायच्या आधी स्नायू सैल करणारं इंजेक्शन देतात. त्यानंतर पेशंट स्वतः श्वास घेत नाही. म्हणजे त्या एकदोन मिनिटात नळी जागेवर जायलाच पाहिजे, मधल्या वेळेसाठी आधी मास्कने ऑक्सिजन भरून ठेवतात. नळी घालायला जे वापरतात तो लॅरिंगोस्कोप, एक हँडल आणि त्याला वाकडी पात, टोकाजवळ लाइट. ती वाकडी पात मॅकिंटॉश नावाच्या डॉक्टरांनी 1943 मध्ये काढली, अजून तीच चालते. हँडल डाव्या हातात धरायचं, तोंडाच्या उजव्या बाजूने पात आत घालायची, जीभ डावीकडे सारायची आणि मग सगळा जबडा वर-पुढे उचलायचा, तेव्हा स्वरयंत्राचं तोंड दिसतं. उचलायचं, मागे वळवायचं नाही. मनगट मागे वळलं की पात वरच्या दातावर टेकते आणि तरफेला टेकू देतात तसा सगळा जोर त्या दातावर येतो. हँडल डाव्या हातात असल्यामुळे सगळ्यात जास्त इजा होते ती वरच्या डाव्या पटाशीच्या दातालाच. आईचा तोच. आईची मान संधिवातामुळे मागे कमी जाते, स्वरयंत्र नीट दिसत नव्हतं, त्यांनी दोनदा प्रयत्न केला, दुसऱ्या वेळेला पात टेकली आणि आधीच सैल असलेला दात हातात आला. ते म्हणाले, दात का श्वास असं झालं की आम्ही श्वास निवडतो. ह्यावर मी काही बोलू शकले नाही. बरोबरच आहे ते.

पण मी त्यांना विचारलं, आधी तोंड बघितलं असतं तर? त्यांनी टाळलं नाही. म्हणाले, दात हलतोय कळलं असतं तर आधी डेंटिस्टकडे पाठवून काढून घेतला असता, नाहीतर दोऱ्याने बांधून दोऱ्याचं टोक गालावर चिकटवलं असतं म्हणजे निसटला तरी आत जात नाही, मान कमी वळते कळलं असतं तर पहिल्यापासूनच व्हिडिओ लॅरिंगोस्कोप मागवला असता, त्याच्या पातीला कॅमेरा असतो, स्क्रीनवर बघून नळी घालता येते, इतकं उचलावं लागत नाही. तो त्या हॉस्पिटलमध्ये नाहीये. त्यांच्या स्वतःच्या बॅगेत असतो, त्या दिवशी गाडीत होता.

इथे मला एक सांगायचंय. सोलापुरातल्या, आणि बहुतेक सगळ्याच गावातल्या छोट्या मध्यम हॉस्पिटलांना स्वतःचे भुलीचे डॉक्टर नसतात. एकच डॉक्टर सकाळी एका हॉस्पिटलात सिझेरियन, दहाला दुसरीकडे पित्ताशय, बाराला तिसरीकडे हाड, असे पळत असतात. त्यांना आदल्या दिवशी येऊन पेशंट बघायचे वेगळे पैसे कोणी देत नाही, पॅकेजमध्ये तो आकडाच नसतो. त्यामुळे तपासणी होते ती थिएटरच्या दारात, पेशंट उपाशी, घाबरलेला, चष्मा काढलेला. हा एका डॉक्टरांचा दोष नाही, हॉस्पिटलने सोय करायला पाहिजे. माझी लेखी तक्रारही हीच आहे, डॉक्टरांविरुद्ध नाही.

दात तुटणं दुर्मिळ आहे का? इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ अनेस्थेटिस्ट्सच्या पेशंटसाठीच्या माहितीत दात काढावा किंवा दुरुस्त करावा लागेल अशी इजा साधारण 4,500 भुलींमध्ये एकदा असं दिलंय, आणि ओठ किंवा जिभेला किरकोळ लागणं वीसात एकाला. पण ते सगळ्यांचं मिळून. ज्यांचे दात आधीच हलतात, कॅप किंवा ब्रिज आहे, पुढचे दात पुढे आलेले आहेत, तोंड कमी उघडतं, त्यांचा धोका बराच जास्त. आणि आपल्याकडे मिश्री, तंबाखू, गुटखा किती घरात आहे ते तुम्हीच बघा. अजून एक, दात फक्त नळी घालतानाच जातो असं नाही, शुद्धीवर येताना पेशंट नळीवर कचकन चावतो तेव्हाही पुढचे दात तुटतात, म्हणून चांगली टीम दाढांच्या मध्ये गॉजची गुंडाळी ठेवते. आणि चांगला घट्ट दात निसटला तर तो मुळाला हात न लावता दुधात किंवा सलाइनमध्ये ठेवून तासाभराच्या आत डेंटिस्टनी परत बसवला तर वाचू शकतो. कोरड्या डबीत रात्रभर ठेवलेला नाही. आईचा तसाही बसला नसता, हाडच राहिलं नव्हतं, हे डेंटिस्टनी स्पष्ट सांगितलं, पण हे दुसऱ्या कोणाच्या बाबतीत झालं असतं तर त्याचा चांगला दात गेला असता.

आता आवाजाचं. घसा दुखणं दोन तीन दिवसात गेलं, ते नळी घातल्यावर पाचातल्या दोघांना तरी होतंच. पण आवाज काही परत येईना. घोगरा, मध्येच तुटणारा, संध्याकाळपर्यंत नुसती हवा. पुण्याची एक जुनी गिऱ्हाईक बाई फोनवर म्हणाली, "मावशींना द्या ना फोन," आणि आई म्हणाली मीच बोलतीय, तर ती दोन सेकंद गप्प. आईने त्या दिवसापासून फोन माझ्याकडे दिला. डिस्चार्ज कार्डवर टाके, जेवण, तेलकट खाऊ नका सगळं होतं, आवाजाबद्दल एक ओळ नव्हती. सगळे सांगायचे हळद दूध द्या, जेष्ठमध चघळा, आम्ही तीन आठवडे तेच केलं, ही आमची चूक. आवाज आठ दहा दिवसात सुधारत नसेल तर कान नाक घशाच्या डॉक्टरांकडे जायचं, थांबायचं नाही. ईएनटी मॅडमनी नाकातून बारीक दुर्बीण घातली, पाच मिनिटांचं काम, आणि स्क्रीनवर दाखवलं, डाव्या स्वरतंतूवर रक्त साकळल्याचा लालसर फुगवटा. नळी जाताना घासली गेली असेल किंवा दोन प्रयत्न झाले त्यात लागलं असेल. मॅडम म्हणाल्या तुमचं नशीब चांगलं, हे विश्रांतीने जातं. काहींना तिथे गाठ तयार होते, ग्रॅन्युलोमा, ती महिनोन्‌महिने छळते. काहींचा स्वरयंत्राच्या मागचा छोटा सांधा सरकतो, तो लवकर जागेवर बसवला नाही तर तसाच आखडतो. आणि नळीचा फुगा जास्त फुगवला गेला तर आतल्या कातडीचा रक्तपुरवठा दबतो, फुग्यातला दाब 20 ते 30 सेंटीमीटर पाण्याइतका असावा लागतो, तो मोजायचं एक छोटं मीटर मिळतं, पण बऱ्याच ठिकाणी बोटाने दाबून अंदाज घेतात.

आईला कमी बोला सांगितलं, कुजबुजायचं पण नाही कारण कुजबुजताना तंतूंवर उलट जास्त ताण येतो, ॲसिडिटीची गोळी दिली. सहा आठवड्यांनी आवाज बराचसा आला. वरच्या पट्टीतली आरती अजून म्हणता येत नाही तिला, श्रावणात सिद्धेश्वराच्या देवळात नुसती टाळ्या वाजवत उभी होती.

दाताला तात्पुरता काढता घालता येणारा दात केला, नंतर ब्रिज, सगळं मिळून एकवीस हजार. हॉस्पिटलने तक्रारीनंतर बिलातले आठ हजार परत केले, तेही तीन फेऱ्या मारल्यावर. रिसेप्शनच्या मागे भिंतीवर रुग्णहक्कांची सनद फ्रेम करून लावलीय, मी तिसऱ्या फेरीत तिच्यासमोर उभी राहून ती मोठ्याने वाचली, मग मॅनेजर बाहेर आले.

आता दुसरं हॉस्पिटल. दिवाळीनंतर बाबांचा हर्निया. बाबा तीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात होते, एमआयडीसीत, आणि गुटखा. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे पण बाबांना एकही दिवस कमी पडला नाही. ह्यावेळेस मी सर्जनकडे पहिलाच प्रश्न हा विचारला की भुलीचे डॉक्टर आधी बघणार का, कुठे, कधी. ते म्हणाले इथे पीएसीची ओपीडी आहे, मंगळवार शुक्रवार, त्याशिवाय आम्ही तारीखच देत नाही. मला तिथेच बरं वाटलं.

मॅडम होत्या. पस्तिशीच्या असतील. त्यांनी बाबांना समोर ताठ बसवलं आणि म्हणाल्या, "काका, तोंड जमेल तेवढं उघडा आणि जीभ बाहेर काढा, आवाज काढू नका." बाबांनी उघडलं, आणि मॅडमचा चेहराच बदलला. मग त्यांनी बाबांनाच त्यांची तीन बोटं उभी तोंडात घालून बघायला सांगितली. दीड बोट गेलं. मला लाज वाटली, एकाच घरात राहून मला माहीत नव्हतं की बाबांचं तोंड इतकंच उघडतं, ते भाकरी कालवून खातात ती आवड म्हणून नाही, घास आत जात नाही म्हणून. गुटख्यातल्या सुपारीने गालाच्या आतली कातडी जाड होऊन आखडते, दोऱ्यांसारखे पट्टे होतात, सबम्युकस फायब्रोसिस, आणि खाणं सोडलं तरी तोंड पूर्ण मोकळं होत नाही.

ते जीभ बाहेर काढून बघतात त्याला मॅलमपाटी म्हणतात, मला नाव ऐकून काहीतरी परदेशी वाटलं होतं, तर ते सेशगिरी मॅलमपाटी हे आपल्याकडच्याच आंध्रातले, बोस्टनला भूलतज्ज्ञ होते, 1985 मध्ये त्यांनी हे लिहिलं. नुसतं तोंड उघडून पडजीभ दिसते का बघायचं, दिसली तर नळी सोपी असायची शक्यता, फक्त टाळूच दिसली तर अवघड. मशीन नाही, सुई नाही, पैसा नाही. अर्धं मिनिट. मी तिथे बसून आईचा विचार करत होते.

मॅडमनी दात एकेक बोटाने हलवून बघितले, कागदावर दातांचा तक्ता काढून कुठला तुटका, कुठला सैल ते लिहिलं आणि बाबांची सही घेतली त्यावर. मान मागे वाकवून बघितली. हनुवटीपासून गळ्याच्या घाटीपर्यंत पट्टीने मोजलं, साडेसहा सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर जपून राहावं लागतं. मग म्हणाल्या, "काका, दुर्बिणीतून करायचं तर पूर्ण भूल आणि नळी लागेल, आणि तुमच्या तोंडातून नळी सरळ जाणार नाही. मग जागेपणी नाकातून दुर्बिणीवर नळी घालावी लागेल. ते मला जमतं, पण हर्नियासाठी त्याची गरज आहे का? पाठीत इंजेक्शन देऊन उघड्या पद्धतीने पण होतं, जाळी तीच बसते." आणि त्यांनी तिथूनच सर्जनना फोन लावला. सर्जन दहा मिनिटांत स्वतः आले, दोघं बोलले आणि प्लॅन बदलला. हे मी कुठेच बघितलं नव्हतं, भुलीच्या डॉक्टरांच्या शब्दावर सर्जननी ऑपरेशनची पद्धत बदलली. दुर्बिणीच्या पॅकेजमध्ये हॉस्पिटलला जास्त पैसे मिळाले असते, तरीही.

ऑपरेशनच्या दिवशी पाठीतलं इंजेक्शन लागू पडलं, बाबा आत छान गप्पा मारत होते म्हणे. तरीसुद्धा थिएटरमध्ये नाकातून घालायची ती बारीक दुर्बीण काढून तयार ठेवली होती, कारण पाठीतली भूल कधी कधी अर्धवट लागते किंवा वर चढते आणि मग नळी लागूच शकते, हे मॅडमनी आम्हाला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. आणि डिस्चार्जच्या वेळेस त्यांनी एक वेगळा कागद दिला, लाल पेनाने 'डिफिकल्ट एअरवे', म्हणजे नळी घालायला अवघड, असं लिहिलेला, तोंड किती उघडतं, काय टाळलं, काय करावं लागेल सगळं त्यावर. म्हणाल्या ह्याचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये ठेवा, उद्या ॲक्सिडेंट झाला आणि कुठेही नेलं तर आधी हा दाखवा. मी तसाच एक आईचा पण लिहून मागितला, आई त्यांची पेशंट नसताना, तर त्यांनी जुना केसपेपर वाचून, आईला बोलावून तपासून दिला. सहाशे रुपये फी घेतली, मी हजार दिले असते.

अर्धा स्टार कापला तो ओपीडीच्या वेटिंगसाठी. अडीच तास बसवलं, बाकडी कमी, पिण्याच्या पाण्याचं कूलर बंद, आणि गाडी लावायला जागा नाही त्यामुळे बाबांना उतरवून मी दोन गल्ल्या पलीकडे लावून आले. मॅडम एकट्या आणि पेशंट तीस पस्तीस. अजून एक डॉक्टर घ्या, एवढंच म्हणेन.

मला बरेच जण विचारतात म्हणून इथेच सांगते. तारीख घ्यायच्या आधी विचारा, भुलीचे डॉक्टर आधी बघतील का, आणि नाही म्हणाले तर वेगळी फी देऊ पण बघायला लावा असं सांगा, आम्ही चौकशी केली तेव्हा पाचशे ते हजाराच्या आतच सांगितलं सगळीकडे. हलणारा दात, कॅप, ब्रिज, इम्प्लांट, कवळी, मिश्री, गुटखा, घोरणं, आधीच्या भुलीत झालेला त्रास, हे त्यांनी विचारलं नाही तरी आपण सांगायचं, आणि गुटख्याचं खरं सांगायचं, बाबांनी पहिल्यांदा "कधीतरी" म्हणून सांगितलं होतं, मी मध्ये बोलले. वेळ असेल तर आधी डेंटिस्टकडे जाऊन या. ऑपरेशनच्या आधी पेशंटचा हसतानाचा एक फोटो मोबाईलमध्ये असू द्या. पेशंट वॉर्डात आला की तोंड उघडून एकदा बघा, त्याच दिवशी, आणि काही तुटलेलं दिसलं तर तुकडा कुठे आहे हे विचारल्याशिवाय हलू नका.

आईचा ब्रिज बसवून आता सात महिने झाले. दिसायला कोणाला कळत नाही. ह्या गड्ड्याला ऑर्डरी नेहमीपेक्षा जास्त होत्या, फोन परत तिच्याकडेच आहे. पण भाकरी वाळली का हे बघायला ती तुकडा आता पुढच्या दाताला लावत नाही, कानाजवळ धरून हाताने मोडते आणि आवाज ऐकते.